घरी विचारायचा प्रश्न

बटाटा पाण्यात बुडतो आणि सफरचंद तरंगतं, हे मुंगीने बादलीभर पाण्यात साऱ्या वर्गाला करून दाखवलं. ही बातमी मुंगीच्या आईला कळली ती नवऱ्याकडून, आणि तीसुद्धा पार शिळी झाल्यावर. रविवारी संध्याकाळी पोरीला जिन्यापाशी सोडताना तो सहज म्हणाला, "बादलीची गंमत ऐकलीस ना?" मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "अगं, तुला माहीतच नाही?" त्याने हे टोचून म्हटलं नव्हतं, पण तिला जे टोचायचं ते टोचलंच.

नवरा वेगळा राहत होता. लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, कधीही बोलावणं यायचं, घरी कधी पोचेल याचा पत्ता नसायचा, आणि त्यावरून दोघांचं जे बिनसलं ते बिनसलंच. मुंगी पहिलीत होती. हजेरीतलं नाव वेगळं, पण रांगायला लागल्यापासून ती भिंतीच्या कडेकडेनेच जायची, म्हणून घरात मुंगी, आणि आता शाळेतही मुंगीच. ती आईकडे राहायची, रविवार बाबाचा, आणि रोज संध्याकाळी बाबाचा फोन. हे सगळं समुपदेशकांच्या खोलीत बसून ठरलं होतं, पण ठरलं होतं ते शाळेचं वर्ष संपेपर्यंतच. सुट्टी लागली की पुन्हा त्याच खोलीत बसायचं आणि मुंगीने कायमचं कुठे राहायचं ते पक्कं करायचं. मागच्या बैठकीत नवरा बोलून गेला होता, की पोरीच्या शाळेत काय चाललंय ते मला हिच्यापेक्षा जास्त माहीत असतं. समुपदेशकांनी पटल्यासारखी मान हलवली होती. ती मान मुंगीच्या आईच्या डोळ्यांपुढून हलायला तयार नव्हती.

आता ही मुंगीची आई कशी, ते सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे तिने जे केलं ते तिनेच का केलं हे कळेल. तयार कपड्यांच्या एका कारखान्यात ती फाटकावर होती. पाळी सुटली की शिवणाऱ्या बायका रांगेने तिच्यापुढून जायच्या आणि ती प्रत्येकीची पिशवी उघडून बघायची. चेनी, बटणं, दोऱ्याची रिळं, काय काय बाहेर जायचं. डब्याच्या तळाशी, मोज्यात, बाळाच्या टोपीत. तिला सगळं दिसायचं. बायका तिला माघारी 'एक्स-रे' म्हणायच्या आणि ते तिला माहीत होतं; मनातून आवडतही होतं. खरं बोलणारा एकदा सांगून गप्प बसतो आणि खोटं बोलणारा तेच तीन वेळा सांगतो, हा तिचा सिद्धांत. कारखान्यात तो बरेचदा खरा ठरायचा. अडचण एवढीच, की पाळी संपली तरी तिचं फाटक काही बंद व्हायचं नाही.

मुंगी शाळेतून आली की आई आधी दप्तर उघडायची. हा खोडरबर कोणाचा? कोणी दिला? तू मागितलास की तिने आपणहून दिला? शेजारी कोण बसलं होतं? बाई काय म्हणाल्या? कोणाला म्हणाल्या? मुंगीची उत्तरं ठरलेली. कोणी नाही. काही नाही. माहीत नाही. यावरून आईने काढलेला निष्कर्ष असा, की पोर मुळातच अबोल, आजोबांवर गेलीय. संध्याकाळी मात्र हीच अबोल पोर बाबाचा फोन आला की बाल्कनीत जायची आणि मागे दार लावून घ्यायची. पोरीचं बोलणं चोरून ऐकायचं नाही, हे आईने त्या खोलीत कबूल केलं होतं. दिलेल्या शब्दाला ती पक्की. तेवढा वेळ ती स्वयंपाकघरात नळ मोठा सोडून भांडी घासत बसायची.

म्हणूनच बादलीची बातमी ऐकल्यावर तिच्या डोक्यात जो पहिला प्रश्न आला तो तिच्या हिशेबाने अगदी सरळ होता. जी पोर आईपुढे तोंड उघडत नाही ती फोनवर काय पुराण सांगणार? मग ह्याला सांगतं कोण?

बाईच सांगत असणार.

मुंगीच्या वर्गाच्या बाई पालकांच्या बाबतीत जरा वेड्याच होत्या. बाकीच्या वर्गांत वर्षातून दोनदा पालकसभा झाली की संपलं. या बाईंचं म्हणणं, पहिलीतल्या पोराची निम्मी शाळा घरीच भरते. म्हणून रोज दुपारी पालकांच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज यायचा. आज वर्गात काय झालं ते एका ओळीत, आणि खाली, 'आज घरी विचारा'. आज घरी विचारा, गोगलगाईला पाय किती. आज घरी विचारा, सगळ्यात हळू आवाज कशाचा असतो. शिवाय पाळीपाळीने एकेका पालकाला वर्गात बोलावायच्या. कागद कापायला, पोरांचं वाचन ऐकायला, रंगाच्या डब्या धुवायला.

मुंगीच्या आईला हे पहिल्यापासून पटलं नव्हतं. शिकवायचं काम बाईंचं, पगार बाईंना, आणि प्रश्न मात्र आम्ही विचारायचे? तरी सुरुवातीला ती मेसेज वाचायची. मग एके दिवशी आलं, 'आज घरी विचारा, जेवताना आपण काय काय बोलतो.' तिथे तिचे कान टवकारले. आम्ही जेवताना काय बोलतो ते बाईंना कशाला हवं? पोराला विचारायचं आम्ही, आणि दुसऱ्या दिवशी पोराकडून काढून घ्यायचं यांनी, असा हा डाव दिसतोय. त्या दिवसापासून तिने मेसेज उघडला की न वाचताच खाली अंगठ्याचं चित्र टाकायचा परिपाठ ठेवला. अंगठा नाही टाकला तर आईचं लक्ष नाही असं कुणी म्हणायला नको.

स्वतःची पाळी आली तेव्हा मात्र ती आवर्जून वर्गात गेली. कागदाची पानं कापता कापता डोळ्यांत तेल घालून बघत होती. कुणाची आजी आजारी आहे, कुणाच्या बाबांना नवी नोकरी लागली, कुणाच्या घरी मांजर व्यायली, सगळं बाईंना ठाऊक. पोरं येऊन येऊन सांगत होती आणि बाई आणखी विचारत होत्या. कारखान्यात इतकी माहिती फक्त मालकाच्या मेव्हण्याजवळ असायची, आणि तो चांगला माणूस नव्हता. मधल्या सुट्टीची वेळ झाली तेव्हा बाईंनी टेबलावरची पितळी घंटी एका मुलाच्या हातात दिली. तो ती वाजवत वर्गभर फिरला आणि बाकीची पोरं त्याच्याकडे हावरेपणाने बघत राहिली. आज याची पाळी, उद्या त्याची, असं बाईंनी तिला कौतुकाने सांगितलं. तिला घंटीचं काही नव्हतं. तिचं लक्ष बाईंच्या फोनवर होतं.

त्यानंतर नवऱ्याची पाळी झाली, आणि तो वर्गातून बाहेर पडताना तिने रस्त्याच्या पलीकडून पाहिला. बाई फाटकापर्यंत सोडायला आल्या होत्या. तो काहीतरी म्हणाला आणि बाई हसल्या. चांगल्या मोकळ्या हसल्या. तिच्या पाळीला बाई हसल्या नव्हत्या. अर्थात तिनेही हसण्यासारखं काही केलं नव्हतं, पण हे तेव्हा तिच्या डोक्यात आलं नाही. डोक्यात आलं ते एवढंच, की सुट्टी लागल्यावर समुपदेशक शाळेचंही मत विचारतील, आणि शाळेचं मत म्हणजे बाईंचं मत. पोर हातची जाणार.

अशा वेळी दुसरी बाई सरळ जाऊन विचारती. पण एक्स-रेची रीत वेगळी. कारखान्यात मागे अचानक झडतीची बातमी आधीच फुटायची आणि त्या दिवशी सगळ्या पिशव्या धुतल्यासारख्या रिकाम्या निघायच्या. तेव्हा तिने तिघा मुकादमांना तीन वेगवेगळे वार सांगितले होते, प्रत्येकाला 'तुलाच सांगतेय' म्हणून. ज्या वारी पिशव्या रिकाम्या निघाल्या त्या वाराचा मुकादम सापडला. साहेबांनी तिला पाठ असलेली खुर्ची दिली. तेव्हापासून तिचा ठाम समज, की माणूस पारखायचा तर त्याच्या कानात एक खोटी गोष्ट सोडायची आणि ती कुठून बाहेर येते ते बघत बसायचं.

एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर तिने बाईंना व्हरांड्याच्या टोकाला गाठलं. मुंगी तेव्हा मैदानात होती. ती खालच्या आवाजात म्हणाली, की आम्ही गाव सोडून माझ्या भावाकडे चाललोय, महिनाअखेरीला. कोणाला बोलू नका. मुंगीच्या बाबांना तर मुळीच नको.

बाईंनी मैदानातल्या मुंगीकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, की मुंगीला माहीत आहे का. ती म्हणाली, सांगेन मी. बाई म्हणाल्या, लवकर सांगा, लहान मुलांना जागा सोडायला मोठ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. मग त्यांनी तिच्या दंडावर हात ठेवला आणि डोळे थोडे भरून आल्यासारखे केले. केले, असं मुंगीच्या आईला वाटलं. घरी जाताना ती त्या भरल्या डोळ्यांचाच विचार करत होती. फार पटकन भरले होते.

मग ती वाट बघत बसली. त्या दिवसांत मुंगीचं जेवण कमी झालं. आईने विचारलं, पोट दुखतंय का, बाहेरचं काही खाल्लंस का, कोणी दिलं. काही नाही, कोणी नाही. एकदा केस विंचरून घेताना मुंगी आपणहून म्हणाली, "मामाच्या गावाला शाळा आहे का गं?"

"असेल की. का? कोण विचारत होतं?"

"कोणी नाही," मुंगी म्हणाली, आणि विषय तिथेच मिटला. आईचा कंगवाही थांबला नाही. टोपीत लपवलेली रिळं ओळखणाऱ्या बाईला हे दिसू नये, याला काय म्हणावं. पण तिचे डोळे तेव्हा बाईंवर लागले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत नवऱ्याचा फोन आला. मुंगीसाठी नाही, तिच्यासाठी. असं कधी व्हायचं नाही.

"तू तिला भावाकडे घेऊन चाललीस?" तो म्हणाला. ओरडला नाही, आणि त्यामुळेच तो किती चिडलाय ते तिला कळलं.

तिला चक्क आनंद झाला. लपवून काय करायचं, झालाच. मासा गळाला लागला होता. तिने विचारलं, "कोणी सांगितलं तुला?"

"त्याने काय फरक पडतो? खरं आहे का?"

"आधी कोणी सांगितलं ते सांग."

तो म्हणाला, की मी कोणाला शब्द दिलाय, नाव सांगणार नाही, आणि हे असंच असेल तर मी सुट्टीपर्यंत थांबणार नाही, आताच समुपदेशकांकडे जातो. त्याने फोन ठेवला. ती पाठ असलेल्या खुर्चीत मागे रेलली. भावाकडे हा शब्दसुद्धा जसाच्या तसा आला होता. समुपदेशकांना आता तीच सांगणार होती, की शाळेचं मत विकलं गेलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तासाभराची सवड काढून शाळेत गेली. पोरं मैदानात कवायतीला होती. बाई एकट्याच वर्गात टेबलाशी उभ्या राहून खडूचे तुकडे रंगांप्रमाणे निवडत होत्या. तिने दार ओढून घेतलं.

"मुंगीच्या बाबांना तुम्ही सांगितलंत."

"काय सांगितलं?"

"आम्ही गाव सोडतोय ते."

"मी कोणालाच सांगितलं नाही. तुम्ही नको म्हणाला होतात."

एकदाच सांगून बाई गप्प बसल्या. मुंगीच्या आईचा सिद्धांत इथे तिच्याच मदतीला यायला हवा होता, पण गळाला मासा लागल्यावर सिद्धांत कोणाला आठवतो? ती म्हणाली, "ही गोष्ट मी फक्त तुमच्या कानात घातली होती. माझ्या भावालासुद्धा ठाऊक नाही. असणार कशी? ती खरी नव्हतीच."

बाईंच्या हातातला खडू हातातच राहिला. जवळच्या छोट्या खुर्चीत त्या बसल्या, पहिलीच्या पोरांच्या खुर्चीत, गुडघे पोटाशी आले. त्या चिडल्या असत्या तर मुंगीच्या आईला बरं वाटलं असतं. त्या चिडल्या नाहीत.

"मुंगीला माहीत आहे का, हे खरं नाही ते?"

"मुंगीला यातलं काहीच माहीत नाही."

"तिला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "सोमवारपासून. मला वाटलं, घरी तुम्हीच सांगितलंत."

मग त्यांनी टेबलावरच्या घंटीकडे बघितलं आणि हळूहळू सगळं सांगितलं. वर्षाच्या सुरुवातीला एक मुलगा शाळा सोडून गेला. जाताना त्याला आनंद व्हावा म्हणून शेवटचे सगळे दिवस घंटी त्यालाच दिली होती. पुढे एक मुलगी गेली, तेव्हा तिलाही. सोमवारी सकाळी त्यांनी घंटी मुंगीला दिली. तोंडातून अवाक्षर काढलं नाही, कोणाला काही सांगितलं नाही. मंगळवारी पुन्हा दिली. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, मुंगी पण जाणार. बाईंनी त्याला गप्प केलं. मुंगी म्हणाली, माझा हात दुखतोय, मला नको घंटी.

"मला वाटायचं, मी हे मनातल्या मनात करतेय," बाई म्हणाल्या. "पोरांनी कधीच ओळखलं होतं. घंटी ज्याची, तो जाणार. चूक माझीही आहे."

मुंगीच्या आईला बसावंसं वाटलं, पण बसायला मोठी खुर्ची एकच होती आणि ती बाईंची होती. ती उभीच राहिली. राहवेना म्हणून तिने तरी विचारलंच, की मग बादली, गोगलगाय, हे सगळं मुंगीच्या बाबांना कळतं कुठून. तुम्ही वेगळं सांगत असणार.

"मी रोज सगळ्यांना एकच प्रश्न पाठवते. तोच प्रश्न ते मुंगीला विचारतात," बाई म्हणाल्या. "दुसरं काही नाही. मला एकदा म्हणाले, फोनवर पोरीशी काय बोलायचं ते सुचत नाही, तुमचा प्रश्न नसता तर मी काय केलं असतं. त्यावर हसलो आम्ही." मग त्या म्हणाल्या, "तुमचा अंगठा रोज येतो. मला वाटायचं, तुम्हीही विचारत असाल."

बाहेर कवायत संपल्याची शिट्टी झाली. पोरं यायच्या आत मुंगीच्या आईने मागच्या दाराने काढता पाय घेतला. मुंगीसमोर उभं राहायची तिची हिंमत झाली नाही.

दुपारी पाळी सुटली आणि रांग लागली. एक म्हातारी शिवणवाली न सांगताच पिशवी उघडून पुढे आली, डबा काढला, झाकण काढलं, टोपी झटकून दाखवली. सगळं उघडं, आणि चेहरा मात्र घट्ट मिटलेला. असे मिटलेले चेहरे मुंगीच्या आईने हजारो बघितले होते आणि तिला त्यांचं कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं, कारण रोज घरी दप्तर उघडताना समोर हाच चेहरा असतो. तिने म्हातारीला जाऊ दिलं. मागच्या दोघीतिघींच्या पिशव्यांत तिने नीट पाहिलंही नाही, आणि त्यातून काय काय बाहेर गेलं ते साहेब जाणे.

घरी मुंगी पलंगाच्या कडेला बसून मोजे काढत होती. दप्तर दाराशी पडलं होतं. आईने त्याला हात लावला नाही. तिने फोन उघडला आणि बाईंचा मेसेज अक्षर न् अक्षर वाचला.

"सावली सकाळी मोठी असते की दुपारी?"

मुंगीचा मोजा अर्ध्यावर थांबला. "तुला कोणी सांगितलं सावलीचं?"

"बाईंनी. मेसेज येतो त्यांचा."

"तो बाबाला येतो."

"मलाही येतो."

मुंगीने यावर विचार केला. आईकडे ती अशी बघत होती, जशी आई पिशव्यांकडे बघायची. मग म्हणाली, "रोज येतो?"

"रोज."

पुढचा प्रश्न मुंगीने विचारला नाही, आणि तो तिने विचारायला हवा होता असं आईला फार वाटलं. ती पलंगावर बसली. जवळ नाही, थोडं अंतर ठेवून. "मुंगी, आपण कुठेही जात नाही. मामाकडे नाही, कुठेच नाही. तू घंटीवरून ओळखलंस ना?"

मुंगीने मान हलवली. "मग जाणार तर मामाकडेच ना. आपलं दुसरं आहे कोण?"

"मग मला का नाही विचारलंस?"

"तू विचारलं असतंस, कोणी सांगितलं," मुंगी म्हणाली. "मग घंटीचं सांगावं लागलं असतं. मग तू शाळेत येऊन बाईंना ओरडली असतीस. म्हणून बाबाला सांगितलं. बाबाला म्हटलं, माझं नाव नको सांगूस."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. आई शाळेत जाऊन आली होती, आणि ओरडली नव्हती एवढंच. पोरीने चार दिवस हे घरात एकटीने गिळलं होतं, आणि ते बाईंना वाचवायला, आपल्यापासून. आईला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही, लपवता येण्यासारखं नव्हतंच.

तिने सगळं सांगितलं. बाईंना मीच खोटं सांगितलं होतं. बाई कोणाला सांगतात ते मला बघायचं होतं.

मुंगीने अर्ध्यावरच्या मोज्याची कड बोटाने ताणली. मग तिने विचारलं, "आता बोलतेयस ते खरं आहे? की मी कोणाला सांगते ते बघतेयस?"

कारखान्यातल्या इतक्या वर्षांत फाटकावर कोणी एक्स-रेला अडवलं नव्हतं. आज अडवलं, आणि दाखवायला पिशवीत काही नव्हतं. शपथ घ्यावी तर शपथ कोण घेतं ते तिला माहीत होतं. शेवटी तिने नवऱ्याला फोन लावला आणि आवाज मोठा करून फोन दोघींच्या मध्ये पलंगावर ठेवला.

"मी बाईंना खोटं सांगितलं होतं," ती म्हणाली. "आम्ही कुठेही जात नाही. बाई तुला आतल्या बातम्या देतात असं मला वाटत होतं, म्हणून मी ते केलं. बाईंनी तुला काही सांगितलं नाही, ते मला आता कळलं."

पलीकडे कुठल्यातरी लिफ्टची घरघर चालू होती. ती त्याने बंद केली. मग म्हणाला, "हे मी त्या खोलीत सांगितलं तर काय होईल, कळतंय ना तुला?"

"कळतंय. सांग."

"मुंगी ऐकतेय?"

"ऐकतेय."

"मग आपण नंतर बोलू," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला. तो सांगणार की नाही, हे तिला त्याच्या आवाजावरून ओळखता आलं नाही. आवाज ओळखण्यावर आता तिचा फारसा भरवसाही उरला नव्हता.

तिला वाटलं होतं, आता मुंगी जवळ येईल. मुंगी जागची हलली नाही. तिने अर्ध्यावरचा मोजा पूर्ण काढला, दुसऱ्या मोज्यात घातला, आणि विचारलं, "बाईंना सांगितलंस?"

"आज सकाळीच."

"तेव्हा मी नव्हते."

"नव्हतीस."

"मग उद्या परत सांग. वर्गात सांग, सगळ्यांसमोर. सगळ्यांना वाटतंय मी जाणार. माझ्या शेजारच्या मुलीने तर दुसरी मैत्रीणपण केली." तिचा आवाज इथे पहिल्यांदा कापला. "तू खोटं बोललीस ते पण सांग. नाहीतर त्यांना वाटेल मीच बोलले."

पहिलीतली सगळी पोरं, त्यांच्यासमोर बाई, आणि त्यांच्यापुढे आपण. संध्याकाळपर्यंत घरोघरी सगळ्या पालकांना हे कळलेलं असेल, आणि त्यासाठी कोणाला मेसेज पाठवावा लागणार नाही. मुंगीच्या आईला हे सगळं लख्ख दिसलं.

"सांगते," ती म्हणाली.

"मी बघणार आहे," मुंगी म्हणाली.